पाचारण की बोलावणं?

माझी मावसबहीण नर्स आहे. इंदूरमधली चांगली नोकरी सोडून ती झाबुआकडच्या एका लहानशा मिशन दवाखान्यात निघालीय. मावशी फोनवर कुणाला तरी म्हणाली, "हिला देवाचं बोलावणं आलंय," आणि ते ऐकून शेजारच्या काकू घाबऱ्याघुबऱ्या धावत आल्या, कारण आपल्या मराठीत देवाचं बोलावणं आलं म्हणजे माणूस गेलाच.

आजीचं मराठी बायबल काढलं तर तिथे देवाने एखाद्या कामाला बोलावण्यासाठी शब्द आहे पाचारण. इफिसकरांस पत्राच्या ४थ्या अध्यायात पौल सांगतो की तुम्हाला झालेल्या पाचारणाला शोभेल असं चाला, आणि हे सांगताना तो स्वतः बंदिवान आहे. आमच्या चर्चमध्ये उपासना हिंदीत, तिथे म्हणतात बुलाहट, शब्द छानच आहे, आईने अंगणातून हाक मारावी तसा. पण पाचारण मराठीत आज कुठे वाचतो आपण? पेपरात. अग्निशमन दलाला पाचारण केलं, जादा पोलीस पाचारण केले. लग्नाला किंवा चहाला कुणी कुणाला पाचारण करत नाही. म्हणजे जिथे काहीतरी पेटलंय, जिथून बाकीचे लोक बाहेर पळतायत, तिथे जायला सांगणं ते पाचारण. मला तर वाटतं बहिणीसाठी हाच शब्द बरोबर आहे. अजून कुणाकडे दुसरा शब्द आहे का?

—

शब्द बरोबरच आहे. निमंत्रण-आमंत्रणही इथे चालणार नाही, आमंत्रणात जायचं की नाही ही तुमची मर्जी असते. बायबलमधल्या योना संदेष्ट्याचं बघा, त्याला देवाचा हुकूम झाला ऊठ, निनवेला जा, म्हणजे शत्रूच्याच शहरात, आजच्या इराकमधल्या मोसुलजवळ. हा गेला उलटीकडे, याफो बंदरावर, आणि तार्शीशच्या जहाजाचं भाडं स्वतःच्या खिशातून भरलं. पळून जायलाही पैसे मोजले माणसाने! वादळात जहाजाचा तांडेल त्याला उठवतो तेव्हाही शब्द तोच, ऊठ. हे वाचताना मला दर वेळी धस्स होतं.

आणि इंदूरच्या माणसाला लांब कशाला जायला पाहिजे, सिस्टर राणी मारिया ह्या केरळच्या कॅथलिक नन, उदयनगरला आदिवासींमध्ये राहून सावकारीविरुद्ध उभ्या राहिल्या, २५ फेब्रुवारी १९९५ला इंदूरला येताना बसमध्ये त्यांचा खून झाला. ४ नोव्हेंबर २०१७ला इंदूरातच त्यांना चर्चने धन्य, म्हणजे संतपदाच्या आधीची पायरी, घोषित केलं. त्याच्या कितीतरी आधीच त्यांच्या सख्ख्या बहिणीने मारेकऱ्याला राखी बांधली होती. ह्याला बोलावणं म्हणायला माझी जीभ वळत नाही.

—

वडोदऱ्याहून लिहितेय. आमच्याकडे गुजराती बायबलात ह्याच जागी तेडुं आहे. तेडवुं म्हणजे बोलावून आणणं, पण घराघरात रोज वापरतात तो अर्थ वेगळाच, लेकराला उचलून कडेवर घेणं. माझा मुलगा शेजारणीकडे हात पसरून "मने तेडो" म्हणतो तेव्हा त्याला कुठे जायचंय ह्याची चिंता नसते.

—

हे आत्ताच मावशीला वाचून दाखवलं. ती दोन मिनिटं काही बोलली नाही, मग विचारलं, गंगवाल स्टँडवरून झाबुआची सकाळची बस किती वाजता आहे.