थॉमस नास्ट यांच्या घरासमोरील फलकावर काय लिहावे?

प्रश्न

अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात, मॉरिसटाउन येथे, राजकीय व्यंगचित्रकार थॉमस नास्ट (१८४०–१९०२) यांचे ‘व्हिला फाँटाना’ हे घर आहे. १९६४ साली त्याला राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तूचा दर्जा मिळाला. न्यूयॉर्क शहराची तिजोरी लुटणाऱ्या विल्यम ट्वीड यांच्या टोळीला ज्यांनी चित्रांतून जेरीस आणले, त्यांचे घर जपले जावे हे मला मनापासून योग्य वाटते. परंतु याच नास्ट यांनी आयरिश स्थलांतरितांना वानरमुखी रेखाटले. या घरासमोर सविस्तर माहितीफलक लिहायचा झाल्यास त्यात हीसुद्धा बाजू यावी का?

पहिला प्रतिसाद

या दर्जासोबत मिळणाऱ्या कांस्यफलकाचा मजकूर ठरावीक असतो: वास्तूचे नाव, तिला राष्ट्रीय महत्त्व असल्याचे एक वाक्य आणि वर्ष. त्यात गुणदोषांना जागाच नसते. त्यामुळे आपण म्हणता तसा वेगळा फलक लागेल आणि घर खाजगी मालकीचे असल्याने मालकाची संमतीही लागेल.

दुसरा प्रतिसाद

ही बाजू यायलाच हवी, असे माझे स्पष्ट मत आहे. ‘हार्पर्स वीकली’ या अमेरिकी साप्ताहिकाच्या ३० सप्टेंबर १८७१ च्या अंकातील ‘अमेरिकेतील गंगा नदी’ हे त्यांचे चित्र पाहावे. कॅथलिक शाळांना सार्वजनिक पैसा द्यावा की नाही, या वादातून ते निघाले. किनाऱ्यावर सरपटत येणाऱ्या मगरी नीट पाहिल्या की त्या बिशप असल्याचे कळते, कारण त्यांच्या उंच टोप्या हेच मगरींचे उघडे जबडे आहेत. समोर मुलांना पाठीशी घालून एक शिक्षक उभा आहे. हिंदू माता आपली मुले गंगेतील मगरींना अर्पण करतात, असे चित्र त्या काळच्या मिशनरी लेखनातून पाश्चात्त्य वाचकांपर्यंत पोचले होते, आणि नास्ट यांनी तेच येथे वापरले. म्हणजे एका समाजाची निंदा करताना त्यांनी दुसऱ्या समाजाविषयीच्या विकृत समजुतीचा आधार घेतला, आणि हे आपल्याला तरी चटकन जाणवायला हवे.

त्याच वर्षी फेब्रुवारीत मात्र त्यांनी जमावाच्या तावडीतून एका चिनी माणसाचे रक्षण करणारी कोलंबिया, म्हणजे स्त्रीरूपातील अमेरिका, रेखाटली होती. गुलामगिरीतून मुक्त झालेल्यांच्या मताधिकाराची बाजू त्यांनी १८६५ सालीच चित्रातून मांडली होती. दोन्ही एकाच हाताची कामे आहेत, म्हणून फलकावर ती शेजारीशेजारी असावीत.

तिसरा प्रतिसाद

तत्त्व मान्य आहे. माझी अडचण जागेची आहे. वाटेने जाणारा माणूस फलकाला फार थोडा वेळ देतो. ट्वीड डिसेंबर १८७५ मध्ये कैदेतून पळाले आणि पुढच्या वर्षी स्पेनमध्ये नास्ट यांच्याच चित्रावरून ओळखले गेले, ही घटना मी मुळीच गाळणार नाही, कारण व्यंगचित्राची पोच तिच्यातून ताबडतोब कळते. आयरिशांविषयीच्या चित्रांबद्दल दोन स्वच्छ वाक्ये लिहावीत, ‘त्या काळाची रीत होती’ अशी सारवासारव त्यात नसावी. उरलेल्या तपशिलासाठी समोरच मॅककुलॉक हॉल संग्रहालय आहे, तेथे नास्ट यांच्या चित्रांचा मोठा संग्रह आहे, आणि फलकावर तेथे जाण्याची दिशा दाखवता येईल.