प्लॉटवर फवारणीआधी झाडांची नोंद (सोसायटी ग्रुप, जळगाव)

सचिव: मागच्या रिकाम्या प्लॉटवर गवत कंबरेइतकं झालंय. शनिवारी तणनाशक मारायचं ठरलंय.

वैशाली (बी-३०२): सचिव साहेब, एक आठवडा थांबा ना. तिथे आघाडा, माका, तरोटा, दुर्वा सगळं आहे. हरतालिकेची पत्री आपण तिथूनच आणतो. रविवारी मुलांना घेऊन प्रत्येक रोपाचे फोटो आयनॅचरलिस्टवर टाकते, म्हणजे फोटोवरून झाडा-प्राण्यांची नावं सुचवणाऱ्या ॲपवर. २००८ पासून जगभरचे लोक तिथे नोंदी करतात.

नाना: आमना बांधवर कळलावी शे. मोबाइलवर तिचंही नाव येईल?

वैशाली: येईल नाना, तिचं फूल लपत नाही. लोकांनी आधी ओळखलेल्या फोटोंवरूनच ॲपमधलं एआय शिकलंय. गवतं आणि कोवळी रोपं यांत मात्र चुकतं, कधी आपल्याकडे नसलेलं झाडही सुचवतं. म्हणून पहिल्या नावाला लगेच हो म्हणू नका. पानाची दोन्ही अंगं, फूल, फळ, सगळे फोटो एकाच नोंदीत टाका. खात्री नसेल तर नुसतं कुळ लिहा, जाणकार पुढचं सांगतात. ओळखणाऱ्यांपैकी दोन तृतीयांशाहून जास्त जणांचं एकमत झालं की नोंद 'रिसर्च ग्रेड', म्हणजे संशोधनाच्या दर्जाची होते. लायसन्स खुलं असेल तर ती जीबीआयएफ या सजीवांच्या नोंदींच्या जागतिक साठ्यात जाते, संशोधक तिथूनच घेतात.

नाना: म्हणजे माझ्या बांधाचा पत्ता सगळ्यांना कळणार. कंद खणून नेणारे कमी नाहीत, पोरी.

वैशाली: लोकेशन 'ऑब्स्क्युअर्ड' ठेवा. मग नकाशावर साधारण २० किमीच्या चौकोनात कुठेतरी खूण दिसते, नेमका बांध कळत नाही. आणि नातवंडांना कंदाला हात लावू देऊ नका, फार विषारी असतो.

स्नेहल (ए-१०४): गेटवरचा गुलमोहर टाकू?

वैशाली: टाक, पण 'लावलेलं' अशी खूण कर. नाहीतर तो आपोआप उगवलेल्यांत मोजला जाईल. यावल अभयारण्यात किंवा पाटणादेवीला कुणी जाणार असेल तर अंजन, सालई, धावड्याचे फोटो नक्की काढा. धबधब्याचे सगळेच काढतात, या झाडांकडे कुणी वळत नाही.

माई: पळस कधी फुलतो ते मी दरवर्षी बघते. त्याचं काही होतं का?

वैशाली: होतं माई! सीझनवॉच हा उपक्रम त्यासाठीच आहे. एकच झाड धरायचं आणि दर आठवड्याला पालवी, कळ्या, फुलं, फळं किती ते नोंदवायचं. तुमचा पळस मी उद्याच त्यात घालून देते.

सचिव: ठीक. फवारणी पुढच्या शनिवारी, तीही फक्त पायवाटेलगत. गेटजवळचं गाजरगवत मात्र उद्याच उपटणार, फुलायच्या आत.

वैशाली: उपटा, पण आधी फोटो घ्या. ते कुठवर पसरलंय हेही नोंदीत हवं.