मदत हवी: दहाचाकी टिपरवर हवा भरायची सोय कशी करावी?

खडीवाला: १०.००-२० चे ट्यूबवाले टायर, थंड असताना ११० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप). काम क्रशरवर, पंक्चरवाला लांब. तीन पर्याय दिसतात: १२ व्होल्टचा छोटा कंप्रेसर (खोक्यावर ७२ लिटर/मिनिट, १५० पीएसआय), सीओटूचा (कार्बन डायऑक्साइड) सिलिंडर, किंवा ब्रेकच्या हवेच्या टाकीला टी मारून (तीन तोंडांचा जोड बसवून) पाइप. ड्रायव्हरचा आग्रह टी मारण्याचा. काय करावं?

वायुपुत्र: आधी हिशोब करा, मग खरेदी. या टायरच्या पोटात साधारण १२५ लिटर जागा. ९० वरून ११० ला न्यायला सुमारे १७० लिटर मोकळी (न दाबलेली, बाहेरची) हवा लागते, पंक्चर काढलेला रिकामा टायर भरायला ९५० च्या आसपास.

खोक्यावरचे ७२ लिटर हे समोर दाब शून्य असतानाचे. १०० पीएसआयला त्यातले २५-३० हाती आले तरी नशीब. म्हणजे नुसतं टॉप-अप करायला एका टायरला सहा-सात मिनिटं, आणि मध्ये मशीन थंड करायचा वेळ वेगळा. दहा चाकांना सकाळ गेली. शिवाय तुमची गाडी २४ व्होल्टची असणार. १२ व्होल्टचं यंत्र दोनपैकी एकाच बॅटरीला लावलं की ती बॅटरी कायम उपाशी राहते, दुसरी जादा चार्ज होते, आणि दोन्ही अकाली जातात. हे यंत्र जीप-पिकअपसाठी ठीक.

सीओटू झटपट भरतो, वीज लागत नाही. ५ किलोत साधारण २७०० लिटर, म्हणजे पंधरा-सोळा टॉप-अप, पण रिकामे टायर तीनसुद्धा नाहीत. आणि ३१ अंशांच्या वर सिलिंडरमध्ये द्रवच राहत नाही, दाब भराभर चढतो. मे महिन्यात बंद केबिनमध्ये भरलेला सिलिंडर ठेवणं म्हणजे निव्वळ बेफिकिरी.

गाडीचा स्वतःचा कंप्रेसर मात्र ३०० सीसीचा धरला तरी १२०० आरपीएमला मिनिटाला १५०-१८० लिटर सहज देतो. टॉप-अप एका मिनिटात. हवा गाडीतच आहे, प्रश्न फक्त ती कुठून काढायची.

गॅरेज_कट्टा: टी ब्रेकच्या टाकीला अजिबात नको. पाइप फुटला किंवा निसटला की ब्रेकची हवा गेली. दाब उतरला की मागचे स्प्रिंग ब्रेक आपोआप लागतात आणि गाडी जागेवर अडकते. उतारावर चालताना हळू गळती झाली तर काय होईल ते सांगायला नको.

टी मारायचीच तर चार सर्किटच्या प्रोटेक्शन व्हॉल्व्हनंतर (हा हवा चार वेगळ्या लाइनींत वाटतो), पोर्ट २४ म्हणजे त्यावर २४ आकडा असलेल्या तोंडाच्या लाइनवर. २१ आणि २२ ब्रेकचे, त्यांना हात नाही. २३ वर बहुधा पार्किंग ब्रेक असतो, तोही सोडा. २४ ची लाइन फुटली तर तो व्हॉल्व्ह बाकीच्यांची हवा राखतो. टीला लागूनच बॉल व्हॉल्व्ह लावा आणि काम झालं की बंद करा. टाकीतून घेतलेली हवा कट-ऑफच्या (ज्या दाबाला टाकी भरणं थांबतं) वर जात नाही: ८ बार म्हणजे ११६ पीएसआय. तुमच्या ११० ला शेवटचे पाच-सहा पीएसआय रेंगाळत चढतील, पण चढतील.

त्याआधी अनलोडर (टाकी भरली की जादा हवा बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह) किंवा एअर ड्रायरवर (हवेतलं पाणी काढणारा डबा) टोपी लावलेलं नोझल आहे का बघा. ते टायरसाठीच दिलेलं असतं. असेल तर टीची गरजच नाही. आटे गाडीगणिक बदलतात, म्हणून टोपी सोबत नेऊनच पाइप घ्या.

खडीवाला: नोझल आहे! पण पाइप लावला तर फुसकन् थोडी हवा येते आणि बंद. खराब आहे का?

गॅरेज_कट्टा: नाही. टाकी भरलेली असल्याने अनलोडर हवा बाहेर सोडतोय, नोझलला काही मिळत नाही. चाकांना उटी (अडवायला दगड किंवा ठोकळे) लावा, इंजिन चालू ठेवून ब्रेक पेडल दाबत राहा. दाबाचा काटा कट-इनच्या (ज्या दाबाला टाकी पुन्हा भरायला लागते) खाली, साधारण साडेसहा बारला आला की पाइप लावा आणि इंजिन थोडं चढवा. एक लक्षात ठेवा: पाइप लावला की बऱ्याच गाड्यांत टाकीची वाट बंद होते, म्हणजे ८ बारला कट-ऑफही होत नाही. दाब वर चढत राहतो. त्यामुळे मीटरवाला गन हवाच, आणि पाइप अडकवून चहाला जायचं नाही. आतल्या जोडचाकासाठी दोन तोंडांचं लांब नोझल घ्या. पाइपमधलं पाणी आणि तेल आधी फडक्यावर उडवून बघा. फडकं तेलकट झालं तर कंप्रेसरच्या पिस्टनच्या रिंगा बघायला झाल्या, ते तेल ट्यूबला खातं.

वायुपुत्र: आणखी एक, हे सगळ्यात महत्त्वाचं. ११० चा टायर ८८ च्या खाली चाललेला असेल तर गाडीवर हवा भरू नका. कमी हवेत चालून बाजूची भिंत आतून खचलेली असते, भरताना फाटते. काढून आतून तपासा. आणि तुमच्या चाकांना लॉक रिंग (टायर रिमवर धरून ठेवणारं लोखंडी कडं) आहे. रिंग नीट बसलेली नसेल तर भरताना तोफेसारखी सुटते. खोललेलं चाक पिंजऱ्यात ठेवून किंवा साखळी गुंडाळूनच भरा, पाइप तीन मीटरचा, तोंडाला क्लिप, आणि माणूस चाकाच्या समोर नाही, टायरच्या रेषेत बाजूला. रिंग तिरकी दिसली तर हातोडा मारण्याआधी सगळी हवा सोडायची.