पहिले सायडर आणि हाताशी नसलेली साधने : जुगाड कुठवर चालावा?

हेरिफर्डकर (धागाकर्ता)

इंग्लंडच्या पश्चिम भागात सप्टेंबर-ऑक्टोबरात सफरचंदांचा इतका सुकाळ असतो की लोक टोपल्या भरून फाटकाशी ठेवतात आणि हवी तेवढी न्या, अशी चिठ्ठी लावतात. स्वतःच्या घरापुरते सायडर, म्हणजे सफरचंदाचा रस आंबवून केलेले मद्य, करायला येथे परवाना लागत नाही. विकायचे असेल तर मात्र नियम वेगळे आहेत. (महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार विनापरवाना मद्य तयार करणे हा गुन्हा आहे, तेव्हा तिकडच्या वाचकांनी हा धागा वाचनापुरताच ठेवावा.) अडचण अशी की नवख्या माणसाकडे फळे असतात, पण दाबयंत्र, डेमिजॉन (आंबवण्याची मोठी काचेची बाटली), एअरलॉक (वायू बाहेर सोडून हवा आत न घेणारे झाकण), हायड्रोमीटर (रसाची घनता मोजणारी काचेची नळी) यांतले काहीच नसते, आणि ते सगळे जमवेपर्यंत निम्मी फळे सडून जातात. माझे मत असे की पहिल्या खेपेसाठी यांपैकी कशावाचूनही अडू नये.

फोडी करून त्या फ्रीझरमध्ये घट्ट गोठवाव्यात आणि मग पूर्ण वितळू द्याव्यात. बर्फाच्या स्फटिकांनी पेशी फुटतात, त्यामुळे एरवी दाताखाली करकरणारी फोड नुसती बोटांनी दाबली तरी रस सोडते. मग त्या पंच्यात बांधून पिळाव्यात किंवा पुरणयंत्रातून काढून गाळाव्यात. दोन किलोंमागे जेमतेम लिटरभर रस निघतो. दाबयंत्राने बराच अधिक निघाला असता, हे मान्य, पण फळे फुकटची आहेत. रस आंबवायला पाण्याची पाच लिटरची प्लास्टिकची बाटली किंवा घरातली लोणच्याची बरणी पुरते, आणि टाचणीने भोक पाडलेला फुगा तोंडावर बसवला की झाला एअरलॉक. बुडबुडे थांबले की काचेच्या रिकाम्या बाटल्यांत भरावे. हायड्रोमीटर हे हौशी मंडळींचे खेळणे आहे.

मोजूनमापून

फ्रीझरची युक्ती उत्तम आहे आणि पंच्यालाही माझी हरकत नाही. हरकत आहे ती शेवटच्या दोन वाक्यांना, कारण बुडबुडे थांबणे म्हणजे किण्वन (आंबण्याची क्रिया) संपणे, हे समीकरणच चुकीचे आहे. ऑक्टोबरात सुरू केलेले सायडर नोव्हेंबरच्या गारठ्यात मंदावते, फुगा मान टाकतो, नवखा माणूस खूश होऊन बाटल्या भरतो आणि बूच घट्ट लावतो. पुढे वसंतात खोली उबदार झाली की तळाशी झोपलेले यीस्ट उरलेली साखर खाऊ लागते, आणि आता वायूला बाहेर पडायला वाट नसते. रसाची घनता पाण्याच्या तुलनेत साधारण १.०५० पासून सुरू होते आणि साखर संपली की १.००० च्या आसपास किंवा किंचित खाली येते. ती १.०१० वर असताना बाटली बंद केली, तर आत शॅम्पेनच्या बाटलीइतका, म्हणजे वातावरणाच्या जवळजवळ सहापट दाब तयार होऊ शकतो. शॅम्पेनची जाड बाटली तो सोसते. वाइनची साधी बाटली त्यासाठी बनवलेलीच नसते. फुटलेली काच स्वयंपाकघरभर उडते. काही पौंडांच्या हायड्रोमीटरला खेळणे म्हणणे मला पटत नाही.

कल्हईवाला

दोघांनीही ज्याकडे दुर्लक्ष केले, ते मला जास्त महत्त्वाचे वाटते. पुरणयंत्र कोणत्या धातूचे, हे धागाकर्त्याने सांगितलेले नाही. पितळी असेल तर सफरचंदाचा आंबट रस त्यातून काढू नये. कल्हई उडालेल्या भांड्यातले ताक कळकते, हे आपल्याकडे शाळेत न गेलेल्या बाईलाही ठाऊक होते. ॲल्युमिनियम, लोखंड, जस्ताचा मुलामा दिलेली बादली, हे सगळे त्याच रांगेत बसते. स्टेनलेस स्टील खुशाल वापरावे.

आणि ती बरणी! जुन्या चिनी मातीच्या भांड्यांच्या झिलईत शिसे असू शकते, आणि आम्लात ते हळूहळू उतरते. धागाकर्ते हेरिफर्डचे आहेत म्हणून मुद्दाम सांगतो. अठराव्या शतकात शेजारच्या नव्हे, पण त्याच सायडरच्या पट्ट्यातल्या डेव्हन परगण्यात पोटात भयंकर कळा येऊन हातपाय लुळे पडण्याचा आजार पसरलेला होता. जॉर्ज बेकर या डॉक्टराने १७६७ मध्ये दाखवून दिले की सफरचंदे दळण्याच्या आणि दाबण्याच्या साधनांत वापरलेले शिसे सायडरमध्ये उतरत होते. हेरिफर्डशरमध्ये साधनांत शिसे वापरत नसत आणि तेथे हा आजार दिसत नव्हता, हाच त्यांच्या युक्तिवादाचा एक आधार होता. तेव्हाही सायडर चवीला उत्तमच लागत असणार.

हेरिफर्डकर (धागाकर्ता)

माझे पुरणयंत्र स्टीलचे आहे. बरणीबद्दल मात्र वाद घालत नाही. पाण्याची बाटली असताना तिची गरजच काय?

हायड्रोमीटरचे काम स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर होते, हे माझे म्हणणे आता नीट मांडतो. एक लिटरच्या बाटलीवर खूण करून त्या खुणेपर्यंत आधी पाणी आणि मग त्याच तापमानाचा रस भरून तोलावा, आणि दोन्ही वेळा रिकाम्या बाटलीचे वजन वजा करावे. पाणी १००० ग्रॅम आणि रस १०४८ ग्रॅम भरला, तर घनता १.०४८ झाली. याहून सोपा मार्ग म्हणजे आंबणारी बाटली न उघडता तोलत राहणे. साखरेचे जवळजवळ निम्मे वजन कार्बन डायऑक्साइड होऊन उडून जाते. लिटरमागे सुमारे १०० ग्रॅम साखर धरली, तर चार लिटर रसाची बाटली शेवटी अंदाजे २०० ग्रॅमने हलकी व्हायला हवी. ती १२० ग्रॅमवरच अडली असेल, तर थंडीने काम थांबले आहे, हे लगेच कळते. फुगा जे सांगू शकत नाही, ते काटा सांगतो.

मोजूनमापून

वजनाची कल्पना मला आवडली आणि ती मीही वापरून पाहीन. तरी तिची मर्यादा सांगितली पाहिजे. ताज्या सायडरमध्ये विरघळलेला वायू असतो, बाटलीच्या कडांना बुडबुडे चिकटलेले असतात, आणि खूण डोळ्याने जुळवताना दोन-तीन मिलिलिटर सहज इकडेतिकडे होतात. तेवढ्याने घनतेत दोन-तीन अंशांचा (एक अंश म्हणजे ०.००१) फरक पडतो. दर दोन अंशांच्या साखरेतून सायडरच्या आकारमानाइतका वायू तयार होतो, म्हणजे ही चूक किरकोळ नव्हे. अंदाजे २०० मधल्या ‘अंदाजे’चेही तेच. किण्वन कुठे आहे हे पाहायला काटा पुरेसा आहे. काचेची बाटली बंद करावी की नाही, हे ठरवायला तो मला पुरेसा वाटत नाही.

यीस्टप्रेमी

फुग्याविषयी कोणी बोलत नाही, म्हणून लिहितो. पहिले काही दिवस वायू इतक्या जोराने बाहेर पडतो की तोंडावर नुसते स्वच्छ फडके बांधले तरी बहुधा निभावते. खरी गरज नंतर असते, कारण जोर ओसरल्यावर हवा आत शिरते, चिलटे येतात आणि त्यांच्यासोबत व्हिनेगर करणारे जिवाणू येतात. नेमक्या याच सुमारास फुग्याचे रबर सैल पडून चिरू लागते. त्यापेक्षा झाकणाला भोक पाडून त्यात पातळ नळी घट्ट बसवावी आणि तिचे दुसरे टोक पाण्याच्या पेल्यात जेमतेम बुडवून ठेवावे. फार खोल बुडवले, तर थंड रात्री आतला वायू आकुंचन पावून पेल्यातले पाणी सायडरमध्ये ओढले जाते. पावाचे यीस्टही चालते, फक्त त्याचा गाळ सैल बसतो आणि ओतताना वर येतो.

हेरिफर्डकर (धागाकर्ता)

नळी आजच बसवतो. काचेचा आग्रह मी सोडतो, पण हायड्रोमीटर आणण्याचे कारण मला अजून दिसत नाही. सॉमरसेटमध्ये बिनबुडबुड्यांचे सायडर पूर्वापार पितात, तेव्हा बहुतेक भाग तसाच ठेवीन. उरलेले लेमोनेडच्या प्लास्टिकच्या बाटल्यांत भरीन, कारण त्या दाबासाठीच बनवलेल्या असतात आणि बोटांनी दाबून पाहता येतात. बाटली दगडासारखी टणक लागली की झाकण सैल करून वायू सोडायचा आणि ती फ्रीजमध्ये ठेवायची.

मोजूनमापून

प्लास्टिकच्या बाटल्यांना माझी संमती आहे. झाकण मात्र सिंकवर धरूनच सैल करा.