लिटल अंदमान (हट बे): सोलापूरहून १० दिवसांत जमेल का?

हिप्परगा_काठ:
जानेवारीत दोघांनी जायचा विचार आहे. हॅवलॉक-नील बेटांवरची गर्दी नको. जंगल, पक्षी, जमलं तर मगर आणि कासवं बघायची आहेत. लिटल अंदमान पक्कं धरलंय. कॅम्पबेल बे आणि इंदिरा पॉइंटही त्यातच बसेल का? रजा १० दिवस. सोलापूर-चेन्नई रेल्वेने, पुढे विमान. नान्नजच्या माळढोक अभयारण्यासाठी घेतलेला स्पॉटिंग स्कोप (तिपाईवर लावायची एकनळी दुर्बीण) आणि १०x५० दुर्बीण (१० पट मोठं दाखवणारी, ५० मिमी भिंगाची) आहे. काय न्यावं, काय ठेवून जावं?

सात_रस्ता:
कॅम्पबेल बे आधी यादीतून काढा. ते ग्रेट निकोबारात येतं, पोर्ट ब्लेअरपासून ५०० किलोमीटरच्या पुढे. निकोबारातल्या आदिवासी राखीव भागांसाठी आपल्यालाही ट्रायबल पास (प्रशासनाची परवानगी) लागतो, तो फिरायला म्हणून सहज मिळत नाही. शिवाय जहाज वाटेत इतर बेटांना थांबत जातं. १० दिवसांची रजा जहाजातच संपेल.

हट बेला भारतीयांना परवाना लागत नाही. पण बेटावरची डुगाँग क्रीक आणि साउथ बे ही ओंगी आदिवासींची राखीव जागा आहे. तिथे पाऊल टाकायचं नाही, कुणी 'गुपचूप नेतो' म्हणालं तरी नाही. आदिवासी संरक्षणाच्या १९५६ च्या नियमावलीखाली थेट गुन्हा दाखल होतो आणि तुरुंगवासाची तरतूद आहे. ड्रोन घरीच ठेवा.

बार्शी_नाका:
जाणं अवघड नाही, परतणं अवघड आहे. सगळा बेत परतीच्या जहाजावरून उलटा आखा.

चेन्नईला आदल्या दिवशी पोचा. मुंबई-चेन्नई गाड्या वाडी, रायचूर, गुंतकलवरून जातात. गाडी तीन तास लेट झाली की त्याच दिवशीचं विमान गेलं. चेन्नई-पोर्ट ब्लेअर विमानाने दोन-सव्वादोन तास. (तिकिटावर किंवा फलकावर 'श्रीविजयपुरम' दिसलं तर घाबरू नका, २०२४ पासून पोर्ट ब्लेअरचं नाव तेच आहे.) पुढे फिनिक्स बे जेट्टीवरून सरकारी जहाज, हट बेपर्यंत साधारण ६ ते ८ तास. तिकिटं सुटण्याच्या थोडेच दिवस आधी उघडतात. वेळापत्रक हवा, दुरुस्ती आणि स्थानिकांची गरज बघून बदलतं. ऑनलाइन नाही मिळालं तर मूळ ओळखपत्र घेऊन सकाळीच खिडकीवर जा. हेलिकॉप्टरच्या भरवशावर राहू नका. रुग्ण आणि सरकारी कामाची माणसं आधी, सामानही जेमतेम चालतं.

म्हणून हट बेला ४ रात्री, आणि परतीच्या विमानाआधी पूर्ण २ दिवस पोर्ट ब्लेअरला मोकळे. जहाज वेळेवर आलं तर ते दिवस वाया जात नाहीत. चिडिया टापू शहरापासून सुमारे २५ किलोमीटर आहे, पहाटे जा. अंदमान सुतार, अंदमान टकाचोर, अंदमान भारद्वाज, अंदमान सर्पगरुड, हे सगळे पक्षी तिथले प्रदेशनिष्ठ, म्हणजे त्याच भागात सापडणारे. संध्याकाळी अंधार पडेपर्यंत थांबलात तर घुबडांचे आवाजही मिळतील.

घड्याळाचा घोळ आधीच समजून घ्या. बेटं आपल्या बरीच पूर्वेला, वेळ मात्र तीच. तिथे जानेवारीत सव्वापाचच्या सुमारास सूर्य मावळतो, पहाट पाचच्या सुमारास. सोलापूरच्या सवयीने आठला नाश्ता करून निघालात तर पक्ष्यांची वेळ गेलेली असेल.

कंबर_तळं:
स्कोप नेऊ नका. नान्नजच्या माळावर एक किलोमीटरवरचा माळढोक त्याने दिसायचा, सदाहरित जंगलात पंधरा-वीस फुटांपलीकडे पानंच पानं. तिथे ८x४२ दुर्बीण हवी: हलकी, दिसण्याचा आवाका मोठा. १०x५० जड आहे, मान वर करून तासभर धरून बघा म्हणजे कळेल.

आपल्याकडची हवा कोरडी, त्यामुळे दमटपणाचा अंदाज येत नाही. एसी खोलीतून किंवा जहाजाच्या एसी बंकमधून (झोपायच्या जागेतून) कॅमेरा थेट बाहेर काढला की लेन्सवर धुकं. पुसू नका, बंद बॅगेतच २०-३० मिनिटं बाहेरच्या हवेला येऊ द्या. रात्री हवाबंद डब्यात सिलिका जेल टाकून ठेवा, नाहीतर बुरशी धरते. टर्किश टॉवेल आपल्या सोलापूरचा कितीही चांगला असला तरी तिथे दोन दिवस वाळत नाही, पंचे न्या. चादर मात्र न्या, बंकमध्ये थंडी वाजते.

भवानी_पेठ:
खाणं: कडक भाकरी आणि सुकी शेंगा चटणी. जहाज लांबलं तर यासारखं दुसरं नाही. भाकऱ्या पिशवीत नेल्या तर चुरा होतो, चपट्या स्टीलच्या डब्यात घट्ट बसवा. डबा नीट बंद ठेवा, मुंग्या लगेच लागतात. जहाज लागत असेल तर ॲव्होमिन निघायच्या तासभर आधी घ्या. उलट्या सुरू झाल्यावर गोळी पोटात टिकत नाही. बंक जहाजाच्या मध्याजवळचा, खालचा मागा. रोख रक्कम पोर्ट ब्लेअरलाच काढा.

सात_रस्ता:
मगरीबद्दल कुणी लिहिलं नाही. खाऱ्या पाण्यातली मगर खाडीतच राहते असं नाही, समुद्रातून एका बेटावरून दुसऱ्यावर जाते. बटलर बे हा किनारा हट बेच्या जेट्टीपासून सुमारे १४ किलोमीटर. देखणा आहे, पण ओढा जिथे समुद्राला मिळतो तिथे पाण्याच्या कडेला उभं राहायचं नाही. हात-भांडी धुवायची नाहीत, रोज त्याच जागी उतरायचं नाही, सूर्यास्तानंतर तर नाहीच. धोक्याची पाटी नाही म्हणजे मगर नाही असं समजू नका. बघायचीच असेल तर ओहोटीला, उंचावरून, चिखलाच्या काठावर दुर्बिणीने शोधा.

वाळूतल्या बारीक माश्या मगरीपेक्षा जास्त छळतात. लांब बाह्या, पायमोजे, उघड्या पायांवर खोबरेल तेलाचा जाड थर, आणि उघड्या वाळूवर बसायचं नाही. खाजवलं की जखम चिघळते. मलेरियाच्या गोळ्यांचं निघण्याआधी डॉक्टरांना विचारा. परतल्यावर महिना-दोन महिन्यांत ताप आला तर 'अंदमानला गेलो होतो' हे आपणहून सांगा, नाहीतर इथे डेंगीचीच तपासणी होत बसते.

माळावरचा:
एक वेगळं मत. कासवं पहिल्या नंबरवर असतील तर हट बे चुकीचं बेट आहे. तिथली कासवांची मुख्य जागा राखीव आणि दुर्गम भागात. उत्तर अंदमानातलं, डिगलीपूरजवळचं काळीपूर बघा: एकाच किनाऱ्यावर चार जातींची कासवं येतात, वन खात्याची हॅचरी (अंडी जपून उबवण्याची जागा) आहे, डिसेंबर ते फेब्रुवारी हंगाम. रस्त्याने पूर्ण दिवस जातो, वाटेत जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून ताफ्यानेच गाड्या सोडतात. थांबणं, फोटो काढणं बंद. दोन्ही बेटं १० दिवसांत कराल तर दोन्हीकडे फक्त जेट्टी बघाल.

काळीपूरला गेलात तर टॉर्चला लाल जिलेटिनचा कागद लावा, फ्लॅश बंद. मादी वाळू उकरत असताना पुढे जायचं नाही, उजेड दिसला की अंडी न घालताच परत फिरते. आणि कुठलंही बेट असो, मेलेलं प्रवाळसुद्धा उचलू नका, विमानतळावर जप्त होतं.

हिप्परगा_काठ:
सगळ्यांचे आभार. कॅम्पबेल बे रद्द. कासवं की जंगल यात जंगल निवडलं, म्हणजे हट बेच. परतीचं विमान दोन दिवस पुढे ढकलतो, स्कोप घरी. ८x४२ पुण्यात बघावी लागेल की इथे कुणाकडे आठवडाभर उसनी मिळेल?