कानात बसणाऱ्या इयरफोनची पारख कशी करावी?

प्रश्न (मडगाव): मडगाव–पणजी बसप्रवासासाठी मी दोन इयरफोन पारखत असून, पहिल्यात तबल्याचा डग्गा पोकळ वाटतो, तर दुसऱ्याने थोड्याच वेळात कान दुखू लागतात. निवड कोणत्या निकषावर करावी?

उत्तर (फोंडा): आवाजाविषयी मत बनवण्यापूर्वी इयरटिपचा (कानाच्या नळीत जाणाऱ्या मऊ टोपीचा) आकार बदलून पाहावा, कारण ती कानाच्या नळीत नीट बसली नाही, तर खर्ज निसटून जातो आणि उत्तम इयरफोनही पोकळ वाजतो. तुलना करताना दोन्हींच्या आवाजाची पातळी समान ठेवावी. किंचित मोठा वाजणारा नेहमी सरसच भासतो. गायिका केसरबाई केरकरांच्या जुन्या तबकड्या या परीक्षेला उपयोगाच्या नाहीत (एरवी जरूर ऐकाव्यात!), कारण त्या काळच्या ध्वनिमुद्रणात खर्ज मुळातच तोकडा आहे.

उत्तर (म्हापसा): फोमच्या इयरटिप कानाला मऊ लागतात, मात्र घाम आणि मळ शोषून त्या सिलिकॉनपेक्षा लवकर खराब होतात. इयरफोनचे बाहेरचे कवचच कानाच्या पाळीवर दाबत असेल, तर इयरटिप बदलून काहीही साधणार नाही.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. मोठी इयरटिप लावताच डग्गा भरीव झाला, शिवाय बसच्या इंजिनाची घरघर दबल्याने आवाज कमी ठेवता येतो. दुसऱ्याचे कवचच टोचते, म्हणून तो परत करत आहे.