वडिलांच्या पायासाठी व्हेरिकोज व्हेन्सचे डॉक्टर सुचवा (कराड / कोल्हापूर / पुणे)

कोयनाकाठ:
नमस्कार मंडळी. वडील ६८ वर्षांचे, मधुमेह जुना. विडी सोडली म्हणतात, पण खिशात काड्यापेटी सापडते. मंडईपर्यंत चालत निघाले की उजवी पोटरी भरून येते, दोन मिनिटं उभे राहिले की थांबते, पुन्हा चालले की पुन्हा तेच. पाऊल सुजतं. अंगठ्याच्या टोकाला चप्पल लागून झालेली जखम महिना उलटून गेला तरी भरत नाही. इथल्या एका दवाखान्यात व्हेरिकोज व्हेन्स म्हणून सांगितलं आणि मांडीपर्यंतचे घट्ट मोजे दिले. लेझर करणारे चांगले डॉक्टर कोण? मोजे रात्रीही घालायचे का?

सुमेधा_पुणे:
डॉक्टरांचं नंतर बघू, मोजे आजच काढून ठेवा. माझ्या सासूबाईंचं व्हेरिकोजचं लेझर झालंय. त्यांचा त्रास अगदी उलटा होता. ओट्याशी उभं राहून पाय जड व्हायचे आणि चार पावलं चालल्यावर बरं वाटायचं. जखमही घोट्याच्या आतल्या बाजूला, भोवतीची कातडी काळपट. तुमच्या वडिलांना चालल्यावर दुखतं आणि जखम बोटाच्या टोकाला आहे. मला हे वेगळंच वाटतंय.

टाकेवाला:
सुमेधाताईंशी सहमत. मी जनरल सर्जन आहे, व्हॅस्क्युलरचा (रक्तवाहिन्यांचा) नाही, आणि इथून निदान करता येत नाही. एकच विचारतो: वडील रात्री पाय पलंगाखाली सोडून बसतात का?

कोयनाकाठ:
हो! हल्ली आरामखुर्चीतच झोपतात. आडवं झालं की पाऊल ठणकतं म्हणे.

टाकेवाला:
मग सूज कदाचित त्यामुळेच आहे. धमनी अरुंद झाली की आडव्या पायात रक्त पुरेसं उतरत नाही आणि दुखतं. पाय खाली सोडला की जरा उतरतं, म्हणून माणूस तसाच बसून झोपतो आणि लोंबकळून पाऊल सुजतं. बघणाऱ्याला सूज दिसते, तो शिरांचा आजार म्हणून मोजे देतो. ज्या पायात आधीच रक्त कमी आहे तो आणखी आवळला तर जखम चिघळते.

आधी घोट्यामागची आणि पावलावरची नाडी कुणीतरी बोट लावून बघायला हवी. मग एबीआय, म्हणजे घोट्याशी मोजलेला वरचा (सिस्टोलिक) रक्तदाब भागिले दंडाचा वरचा. ०.९ च्या खाली आलं तर धमनीत अडथळा धरतात. पण जुन्या मधुमेहात धमनीच्या भिंतीत कॅल्शियम साचून ती कडक होते, पट्ट्याने दाबलीच जात नाही आणि आकडा १.४ च्या वर किंवा फसवा नॉर्मल येतो. अशा वेळी अंगठ्याचा दाब मोजून घ्या. डॉपलरच्या, म्हणजे रक्तप्रवाहाच्या सोनोग्राफीच्या, चिठ्ठीवर ‘आर्टेरियल’ (धमन्यांचं) लिहून घ्या, नाहीतर व्हेरिकोज ऐकून लॅबवाले शिरांचंच करून पाठवतात.

आडवं पडल्यावर दुखणं आणि न भरणारी जखम एकत्र असतील तर महिनाभरानंतरची अपॉइंटमेंट घेऊ नका, याच आठवड्यात दाखवा. आणि पाय अचानक गार, पांढरट पडून जोरात दुखायला लागला तर रात्री-बेरात्रीही निघा. तिथे पाय वाचवायला सहा तासांचा हिशोब असतो.

आप्पा_निवृत्त:
आमच्याकडे कोमट मिठाच्या पाण्यात पाय बुडवतात. रोज तासभर चालवा, विडी बंद करा. चालण्याने रक्ताला नवीन वाटा फुटतात.

सुमेधा_पुणे:
आप्पा, विडीचं शंभर टक्के. पण मधुमेहात पायाला गरम कळत नाही, पाणी कोमट वाटतं आणि फोड उठतात. शेकायची पिशवीही नको.

टाकेवाला:
चालण्याचा व्यायाम खरंच उपयोगी आहे, आप्पा. दुखेपर्यंत चालायचं, थांबायचं, पुन्हा चालायचं, आठवड्यातून तीनदा, निदान तीन महिने. पण तो जखम नसलेल्यांसाठी. यांच्या अंगठ्यावर आत्ता भार नको.

डॉक्टर निवडताना व्हॅस्क्युलर सर्जरीत एम.सीएच. किंवा डीआरएनबी ही पदवी आहे का ते बघा. फक्त व्हेन्सच्या लेझरच्या जाहिराती करणारी क्लिनिक्स या कामाची नाहीत. जिथे अँजिओप्लास्टी (धमनीत फुगा घालून ती उघडणं) आणि बायपास दोन्ही होतात तिथेच जा. ज्याच्याकडे एकच हत्यार आहे तो तेच सुचवतो, असं माझं मत, व्यवसायबंधूंनी रागावू नये.

कोयनाकाठ:
अपडेट. कोल्हापूरला दाखवलं. पावलावर नाडी लागलीच नाही. एबीआय ०.५, अंगठ्याचा दाबही कमी, मांडीतल्या धमनीत मोठा ब्लॉक. मोजे घालायचे नाहीत हे डॉक्टरांनी पहिल्याच वाक्यात सांगितलं. अँजिओप्लास्टी सुचवलीय. क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) थोडं वाढलंय, म्हणून सीटी अँजिओ थांबवलाय. खर्चाची काळजी आहे.

टाकेवाला:
थांबवला ते बरं केलं, त्यात टोचतात तो डाय किडनीवर जातो. मधुमेहाची मेटफॉर्मिन गोळी चालू असेल तर तेही सांगा. किडनी नाजूक असेल तर काही ठिकाणी कार्बन डायऑक्साइड वापरून अँजिओग्राफी करतात, विचारून बघा. हृदय कमजोर असेल तर सिलोस्टाझोल (चालताना पोटरी दुखते त्यावरची गोळी) चालत नाही, म्हणून टूडी इकोचा, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीचा, रिपोर्ट बरोबर न्या. आणि पायाची धमनी अशी असेल तर हृदयाची आणि मेंदूचीही साफ नसते बहुधा. स्टॅटिन (कोलेस्टेरॉलची गोळी) ‘कोलेस्टेरॉल नॉर्मल आहे’ म्हणून बंद करू नका.

मंडईशेजारी:
खर्चाचं: महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसतं का ते दाखल होण्यापूर्वीच रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला (योजनेच्या मदतनीसाला) विचारा. रेशनकार्ड, आधार बरोबर ठेवा. कोटेशनमध्ये फुगा आणि स्टेंट वेगळे लिहून घ्या. आमच्या काकांच्या वेळी एका रुग्णालयात फक्त पॅकेजचा आकडा सांगितला आणि स्टेंटचं बिल डिस्चार्जच्या दिवशी हातात पडलं.

निळ्या_शिरा:
मलाही पोटऱ्यांवर निळ्या शिरा आहेत, दुखत नाहीत. मीही मोजे घालू नको का?

सुमेधा_पुणे:
तुमचा वेगळा धागा काढा हो, इथे गोंधळ होईल. तोवर डॉक्टरांकडून पायाच्या नाड्या तपासून घ्या. लागल्या तर मोज्यांचं तेच सांगतील.

टाकेवाला:
कोयनाकाठ, फुगा घातल्यावर रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या देतील, बहुधा दोन. दात काढायचा असला तरी त्या परस्पर बंद करायच्या नाहीत, आधी याच डॉक्टरांना फोन. आणि ती काड्यापेटी काढून घ्या.